बदलतें हवामान आणि कारखान्यांचा जमाखर्च

गेल्या वर्षीं इयत्ता नववीच्या वर्गांत जमाखर्चाचा पाठ चालला असतां मीं एका मोठ्या कंपनीचा छापील वार्षिक अहवाल मुलांना दाखविण्यासाठीं नेला होता. पानें उलटतां उलटतां एका विद्यार्थ्याची दृष्टि एका परिच्छेदावर खिळली. त्यांत कंपनीनें आपल्याच एका कारखान्याविषयीं असें लिहिलें होतें, कीं तो नदीच्या पूररेषेजवळ असून पुढील काळांत अतिवृष्टीमुळें तेथील काम बंद पडण्याचा संभव आहे. मुलगा उठून म्हणाला, "सर, हें कंपनीनें आपण होऊन कां छापावें? माझे बाबा तर दुकानांत उंदीर झाले आहेत हें गिऱ्हाइकासमोर कोणाला बोलूंही देत नाहींत!" वर्गांत हंशा पिकला, आणि तेवढ्यांत घंटाही झाली. 'याचें उत्तर आपल्या वार्षिकांत लिहीन' असें मीं त्या दिवशीं कबूल केलें होतें. तें वचन आज पुरें करीत आहें. प्रश्न मुलाचा असला तरी उत्तर त्याच्या वडिलांनींही वाचावें अशी माझी इच्छा आहे. उंदरांच्या बाबतींत मात्र मी मध्यस्थी करणार नाहीं.

प्रथम हवामानाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. आमच्या आजोबांच्या तोंडीं 'हवापालट' हा शब्द आला म्हणजे घरांतील कोणी आजारी माणूस महाबळेश्वरास किंवा पांचगणीस निघाला असें समजावें. आतां माणूस जागच्या जागीं राहतो आणि हवाच पालटूं लागली आहे. इ. स. १८५० ते १९०० या काळाशीं ताडून पाहतां २०११ ते २०२० या दशकांत पृथ्वीच्या पृष्ठभागाचें सरासरी उष्णमान सुमारें १.१ अंश सेल्सियसनें वाढलेलें होतें. एका अंशानें असें काय बिघडतें, असें पुष्कळांस वाटतें. परंतु उष्णमान एक अंशानें चढलें कीं हवेची बाष्प धरून ठेवण्याची शक्ति सुमारें शेंकडा ७ नीं वाढते, हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. त्यामुळें पाऊस कोसळूं लागला म्हणजे एका दमांत अधिक कोसळूं शकतो, आणि तो आलाच नाहीं तर तापलेली हवा जमिनींतील ओल लौकर शोषून घेते.

या पालटापासून कारखान्याला, दुकानाला किंवा बंदराला जें प्रत्यक्ष नुकसान पोंचूं शकतें त्याचे दोन प्रकार मानतात. पूर, वादळ, वणवा हे एकाएकीं येऊन कोसळणारे. आणि समुद्राची पातळी चढणें, उन्हाळा लांबणें, विहिरी आटणें हे मुंगीच्या पावलांनीं येणारे. दुसऱ्या प्रकाराची बातमी वर्तमानपत्रांत क्वचितच येते, पण त्याचा खर्च लहान नसतो. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनें २०१९ सालीं केलेल्या अंदाजाप्रमाणें २०३० सालीं जगांतील एकंदर कामाच्या तासांपैकीं शेंकडा २.२ तास केवळ उष्म्यामुळें वायां जातील. तापलेल्या पत्र्याखालीं माणसाचा हात सावकाश चालतो, हें कोणत्याही लोहाराला विचारावें.

आतां एक खरें उदाहरण घेऊं, आणि तें जरा सविस्तर पाहूं. जर्मनींत ऱ्हाइन नदीच्या कांठीं लुडविग्सहाफेन नांवाचें शहर आहे. तेथें बी. ए. एस. एफ. या १८६५ सालीं निघालेल्या रासायनिक कंपनीचा कारखाना आहे. त्याचा पसारा सुमारें दहा चौरस किलोमीटर, म्हणजे एखाद्या लहानशा शहराएवढा आहे. नदीकांठची जागा निवडण्याचें कारण उघडच होतें. नदी ही फुकटची सडक, आणि यंत्रें थंड ठेवण्यास लागणारें पाणीही तीच पुरविते. कारखान्यांत येणाऱ्या मालापैकीं सुमारें शेंकडा ४० माल आजही जहाजांनीं येतो. शंभर दीडशें वर्षें ही व्यवस्था बिनबोभाट चालली, आणि जी गोष्ट बिनबोभाट चालते तिच्याविषयीं कोणी अहवाल लिहीत नाहीं.

लुडविग्सहाफेनच्या खालच्या अंगास, ऱ्हाइन जेथें डोंगरांतून वाट काढते तेथें, काउब नांवाचें एक लहानसें गांव आहे. या ठिकाणीं नदीचें पात्र उथळ असल्यानें तेथील पाणी मोजण्याची पट्टी काय दाखविते याकडे सगळ्या खलाशांचे डोळे असतात. (ही पट्टी पात्राच्या तळापासून आंकलेली नाहीं, ती ३० सेंटिमीटर दाखविते तेव्हां जहाजांच्या वाटेंत प्रत्यक्षांत दीड मीटरच्या आसपास पाणी असतें.) २०१८ चा उन्हाळा लांबला, पाऊस महिनेच्या महिने ओढ धरून बसला, आणि ऑक्टोबरांत काउबच्या पट्टीवर आंकडा २५ सेंटिमीटरपर्यंत उतरला. भरलेलें जहाज पाण्यांत खोल बसतें. म्हणून तळ घासूं नये यासाठीं जहाजें अर्धीमुर्धी, पुढें पुढें त्याहूनही कमी भरून सोडावीं लागलीं. तोच माल आणण्यास तिप्पट चौपट खेपा, आणि तितकीं जहाजें आणावीं कोठून? रेल्वेच्या वाघिणी व मोटारी मिळतील तितक्या घेतल्या, पण नदीचा भार त्यांना पेलेना. गाद्यांच्या फेसाला लागणाऱ्या एका रसायनाचें उत्पादन नोव्हेंबरच्या अखेरीस थांबवावें लागलें. डिसेंबरांत कंपनीनें आपल्या भागधारकांस कळविलें, कीं यंदा नफा अपेक्षेपेक्षां बराच कमी होईल. त्याच्या कारणांत ऱ्हाइनच्या उतरलेल्या पाण्याचाही उल्लेख होता. त्या एका वर्षांत नदीपायीं झालेलें नुकसान कंपनीनें सुमारें २५ कोटि युरो इतकें सांगितलें.

मुलांनो, येथें एक गोष्ट ध्यानांत घ्या. कारखान्याची एक वीटही हलली नव्हती. पूर नाहीं, आग नाहीं, वादळ नाहीं. नुकसान झालें तें कारखान्यापासून दूर असलेल्या एका उथळ जागीं. 'आमची इमारत भक्कम आहे' असें म्हणणारा मालक आपल्या धोक्याचा निम्माच भाग पाहत असतो.

पुढें त्या कंपनीनें काय केलें तें पाहण्यासारखें आहे. जर्मन सरकारच्या जलविज्ञान संस्थेच्या साहाय्यानें नदीच्या पाण्याचा सहा आठवडे आधीं अंदाज देणारी व्यवस्था तिनें उभी केली, म्हणजे पाणी उतरण्यापूर्वींच कोठारें भरून ठेवतां यावीं. उथळ पाण्यांत चालणारीं जहाजें दीर्घ मुदतीच्या भाड्यानें घेतलीं. रेल्वेनें माल उतरविण्याची सोय वाढविली. २०२२ च्या ऑगस्टांत काउबचें पाणी पुन्हां ३० सेंटिमीटरच्या आसपास आलें. पण २०१८ सारखा मोठा खंड त्या वेळीं कामांत पडला नाहीं. २०२३ सालीं तर या कंपनीसाठीं मुद्दाम बांधलेलें एक टाकीवाहू जहाज नदींत उतरलें. तें १३५ मीटर लांब व साडेसतरा मीटर रुंद आहे. रुंदी जास्त म्हणून तें पाण्यांत कमी बसतें, आणि इतर जहाजें थबकतात तेथूनही कांहीं शें टन माल घेऊन जातें. आपल्या कोंकणांतील खाडींत चालणाऱ्या पसरट होड्या ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस यांतील तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाहीं.

ऱ्हाइनमध्यें पाणी कमी पडून जें झालें तेंच थायलंडांत पाणी जास्त होऊन झालें. २०११ सालच्या पावसाळ्यांत तेथील चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यांत असा पूर आला कीं बँकॉकच्या उत्तरेकडील सात औद्योगिक वसाहती पाण्याखालीं गेल्या. आठशेंहून अधिक माणसें दगावलीं. अयुथयाजवळील होंडा कंपनीचा मोटारींचा कारखाना ऑक्टोबरांत बुडाला तो पुढील मार्चपर्यंत सुरूं झाला नाहीं. संगणकांत माहिती सांठविण्याच्या ज्या तबकड्या असतात त्यांचा मोठा हिस्सा याच मुलखांत तयार होत असे. तबकड्या दुर्मिळ झाल्या आणि त्यांचे भाव जगभर भडकले. अनेक नामांकित संगणक कंपन्यांस आपल्या पुरवठादाराचें नांव माहीत होतें, पण त्या पुरवठादाराचा पुरवठादार भाताच्या सखल खाचरांत बसला आहे हें त्यांनीं कधीं विचारलें नव्हतें. जागतिक बँकेनें या पुराचें नुकसान सुमारें ४,६०० कोटि डॉलर धरलें. नंतर त्या वसाहतींभोंवतीं उंच तट बांधण्यांत आले. मात्र एकानें तट बांधला कीं अडलेलें पाणी शेजाऱ्याच्या दारीं जातें. त्याच पुरांत बँकॉकच्या सीमेवर बांध राखावेत कीं फोडावेत यावरून रहिवासी व अधिकारी यांच्यांत मोठे तंटे झाले. तेव्हां कंपनीनें 'आम्हीं तट बांधला' असें लिहिलें तर वाचणारानें 'पाणी कोठें गेलें?' असेंही विचारावें.

येथें आमच्या घरची एक गोष्ट सांगावीशी वाटते. ती फारशी अभिमानाची नाहीं. माझ्या एका मामांचें चिपळुणास, वाशिष्ठीच्या कांठापासून जवळच, कापडाचें दुकान होतें. मुंबईंत सांताक्रूझला २६ जुलै २००५ रोजीं एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच पावसांत चिपळूणही बुडालें आणि मामांच्या दुकानांत पाणी शिरलें. पाणी ओसरल्यावर मामांनीं भिंतीवर खूण म्हणून निळ्या रंगाची एक रेघ ओढली, आणि ठरविलें, कीं यापुढें कापडाचें एकही ठाण या रेघेखालीं ठेवावयाचें नाहीं. तयारी म्हणून ती चांगलीच होती. पुढें वय झालें, मुलें पुण्यास गेलीं, आणि मामांनीं दुकान भाड्यानें देण्याचें योजिलें. भाडेकरू जागा पाहण्यास येणार त्याच्या आदल्या आठवड्यांत भिंतींना नवा रंग दिला गेला. रेघ रंगाखालीं गेली. मामा खोटें बोलले नाहींत; त्यांना कोणीं विचारलेंच नाहीं. २२ जुलै २०२१ रोजीं पुन्हां पूर आला. भाडेकरूचा माल जमिनीपासून हातभर उंचीच्या फळ्यांवर मांडलेला होता, तो सर्व गेला. आणि पाणी त्या जुन्या रेघेच्याही हातभर वर चढलें होतें. मामांपाशीं आम्हीं हा विषय कधीं काढला नाहीं. त्यांनीं मात्र पुढल्या वर्षाचें भाडें घेतलें नाहीं.

मध्य युरोपांतील जुने लोक या बाबतींत आमच्यापेक्षां सरळ होते असें म्हणावें लागतें. एल्ब नदी अवर्षणांत आटली म्हणजे तिच्या पात्रांतील कांहीं धोंडे उघडे पडतात. त्यांना भुकेचे धोंडे म्हणतात. चेक देशांत डेचिन येथें असा एक धोंडा आहे. त्यावर जुन्या दुष्काळांचीं सालें कोरलेलीं असून १६१६ हें साल अद्याप वाचतां येतें. आणि जो मला पाहील त्यानें रडावें, अशा अर्थाचे शब्दही त्यावर मागाहून कोरलेले आहेत. तो धोंडा कोणीं रंगविला नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. कंपनीचा भाग विकत घेणारा, तिला कर्ज देणारी बँक आणि तिचा विमा उतरविणारा, हे तिघेही मामांच्या भाडेकरूच्या जागीं असतात. आणि पालकहो, आपणही त्यांतच आहां. भविष्यनिर्वाह निधींतला कांहीं पैसा, आयुर्विम्याचे हप्ते, म्युच्युअल फंडांत दरमहा टाकलेली रक्कम, यांतून आपण अशा कित्येक कारखान्यांचे बारीकसे मालक झालेले असतां. त्या भिंती आपण कधीं पाहिलेल्याही नसतात. रेघ रंगाखालीं गेली असेल तर बुडणारें सामान आपलें आहे.

ही गोष्ट पैशाच्या व्यवहारांतील मोठ्या लोकांच्या गळीं उतरावयास बराच काळ लागला. लंडनची लॉइड्स ही विम्याची पेढी सतराव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड लॉइड नांवाच्या गृहस्थाच्या कॉफीच्या दुकानांतून वाढली. जहाजमालक व विमेकरी तेथें बसून कोणतें गलबत कोठें बुडालें याच्या बातम्या सांगत. त्याच लॉइड्समध्यें २९ सप्टेंबर २०१५ रोजीं बँक ऑफ इंग्लंडचे तेव्हांचे गव्हर्नर मार्क कार्नी यांनीं एक भाषण केलें. त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ असा होता, कीं व्यापारी, बँका व राज्यकर्ते दोनचार, फार तर दहा वर्षांपुढचें पाहतात. हवामानाचें खरें ओझें त्यापलीकडे पडणार आहे. आणि तें दिसूं लागेल तेव्हां सावध होण्यास उशीर झालेला असेल. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत मायकेल ब्लूमबर्ग यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली गेली, आणि जून २०१७ मध्यें तिनें आपल्या शिफारशी प्रसिद्ध केल्या.

त्या शिफारशींची भाषा जड आहे. पण घरगुती शब्दांत मांडल्यास प्रत्येक कंपनीनें कांहीं साध्या प्रश्नांचीं उत्तरें जाहीर द्यावीं एवढाच त्यांचा आशय आहे. या धोक्याकडे लक्ष देण्याचें काम संचालकांपैकीं कोणाकडे आहे? धंद्याच्या पुढील बेतांत त्यामुळें काय फरक पडतो? धोका आधींच ओळखण्याची तुमची रीति कोणती? आणि तो तुम्ही कोणत्या मापानें मोजतां? यांत सर्वांत मोलाची शिफारस मला वाटते ती निराळीच. कंपनीनें एकच भविष्यकाळ धरून चालूं नये. जग थोडें तापलें तर काय आणि फार तापलें तर काय, अशा दोनतीन चित्रांवर आपला धंदा ताडून पाहावा, असें समितीनें सांगितलें. मामांच्या रेघेंतील उणीव हीच होती. ती प्रामाणिक होती तेव्हांही कालच्या पाण्याची होती. पूर्वीं वडिलांच्या वेळचा मोठा पूर पाहून घराचें जोतें बांधीत आणि तें पुरत असे; आतां तो हिशेब लागू पडेलच असें म्हणवत नाहीं.

या समितीचें काम पुढें हिशेबाचे आंतरराष्ट्रीय नियम ठरविणाऱ्या संस्थेनें उचललें. जून २०२३ मध्यें हवामानविषयक माहिती कशी द्यावी याचें स्वतंत्र मानक निघालें, आणि ऑक्टोबरांत समिति विसर्जित झाली. आपल्या देशांत सेबीनें २०२१ सालीं एक नवा अहवाल ठरवून दिला, आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्यानें पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांस तो सक्तीचा केला. त्यांत एक कोष्टक असतें. आपल्या दृष्टीनें महत्त्वाची बाब कोणती, ती धोका आहे कीं संधि, असें कां वाटतें, धोका असल्यास त्याला तोंड कसें देणार, आणि पैशाच्या दृष्टीनें त्याचा परिणाम काय, हें कंपनीनें त्यांत भरावयाचें असतें. हे अहवाल कोणालाही विनामूल्य पाहतां येतात. वरच्या इयत्तांतील मुलांनीं आपल्या गांवाजवळच्या औद्योगिक वसाहतींतील एखाद्या मोठ्या कंपनीचा अहवाल उघडून तें कोष्टक अवश्य वाचावें. इंग्रजीचा अभ्यासही त्यांत आपोआप होईल.

परंतु वाचतांना भोळेपणा नको. मीं असे कांहीं अहवाल चाळले आहेत, आणि त्यांतील पुष्कळ वाक्यें शाळेंतील रजेच्या अर्जासारखीं एकाच सांच्यांतून निघालेलीं दिसतात. 'हवामानांतील पालटामुळें आमच्या कामकाजावर परिणाम होऊं शकतो' हें वाक्य कोणत्याही कंपनीच्या नांवाखालीं छापलें तरी खरेंच ठरेल. म्हणूनच तें निरुपयोगी आहे. ज्यांत जागेचें नांव नाहीं, पाण्याची उंची नाहीं, रुपयांचा आंकडा नाहीं, तें कबुलीजबाबासारखें दिसत असलें तरी रंगाचाच एक हात होय. शिवाय कायद्याचा धाकही सर्वत्र सारखा नाहीं. अमेरिकेंत रोखेबाजारावर देखरेख करणाऱ्या आयोगानें मार्च २०२४ मध्यें अशा माहितीचा नियम केला. फिर्यादी झाल्यावर एप्रिलांत त्याची अंमलबजावणी थांबविली. आणि मार्च २०२५ मध्यें कोर्टांत त्या नियमाची बाजू मांडणेंही सोडून दिलें.

कंपन्यांची अडचण मी नाकारीत नाहीं. धोका छापला तर भाव उतरेल, विमेकरी हप्ता वाढवील, प्रतिस्पर्धी बोट दाखवील, ही भीति अगदींच खोटी नाहीं. आणि याहून कठीण एक गोष्ट आहे, जिचा विचार करतांना मला स्वतःला चैन पडत नाहीं. एखाद्या कंपनीनें खरें तेंच लिहिलें, आणि तेवढ्यावरून पुढला कारखाना त्या गांवीं काढावयाचा नाहीं असें ठरविलें, तर गांवचीं पांचपन्नास मुलें कामावांचून राहतील. त्यांचा कांहीं दोष नाहीं, नदी त्यांनीं चढविलेली नाहीं. यावर उपाय म्हणून रेघ झांकावी असें मात्र मी म्हणणार नाहीं. ती दिसत असेल तरच नगरपालिका, सरकार आणि कंपनी यांना एकत्र बसून नाल्यांचा गाळ, पुलाची उंची आणि वखारीची जागा यांविषयीं बोलण्यास कांहीं आधार राहतो. लुडविग्सहाफेनच्या कंपनीनें आपलें नुकसान आंकड्यासह सांगितलें म्हणून कोणी तिचा कारखाना उचलून नेला नाहीं. उलट, तो आंकडा सर्वांसमोर असल्यामुळेंच नव्या जहाजाचा खर्च कशासाठीं हें भागधारकांस निराळें पटवून द्यावें लागलें नसावें, असा माझा तर्क आहे.

ज्या मुलानें हा प्रश्न विचारला त्याच्यासह आम्हीं तो मूळचा परिच्छेद पुन्हां एकदां वाचून पाहिला. त्यांत नदीचें नांव होतें. पाणी किती चढलें म्हणजे कोणतें यंत्र बुडेल, तें दुरुस्त होईपर्यंत किती दिवस काम बंद राहील आणि तेवढे दिवस कामगारांच्या पगाराचें काय, हें मात्र कोठेंच नव्हतें. मुलानें त्या कंपनीस पत्र लिहावयास घेतलें आहे. मसुदा मीं तपासला. त्यांत शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या, प्रश्न तिन्ही बरोबर होते. उत्तर आल्यास तें पुढील वर्षाच्या अंकांत देऊं.